विजेचा परतीचा रस्ता

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आली ती मुंबईच्या ट्राममुळे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होत्या. घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका तुटली नाही. इमारतीला पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला. विजेची ट्राम मुंबईत धावली ती त्यानंतर, १९०७ मध्ये.

ट्रामचे एवढे भय कशाचे? तिच्या डी.सी. मोटारींना वीज वरच्या तारेतून मिळे आणि रुळांतून परत जाई. रूळ जमिनीत गाडलेले, त्यामुळे काही प्रवाह मातीत भरकटे. चालकाने हँडल एक खाच पुढे नेले की प्रवाह बदले आणि आसपासचे चुंबकक्षेत्रही हले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे चुंबकीय काम याच कारणाने स्कॉटलंडातल्या एस्कडेलम्यूरला न्यावे लागले.

 प्रस्तुत लेखकाच्या मते, विजेच्या परतीचा रस्ता ठाऊक असल्याशिवाय मोटारीच्या वेगाचे नियंत्रण समजत नाही.

१२ व्होल्टची एक छोटी मोटार घ्या, गुंडाळीचा रोध १ ओहम. थांबलेल्या अवस्थेत ती १२ अँपिअर ओढते. फिरू लागली की जनित्रासारखे उलट व्होल्टेज तयार करते. ते १० व्होल्टला पोचले की उरलेल्या २ व्होल्टांवर फक्त २ अँपिअर वाहतात. म्हणून ट्रामचा चालक आधी वाटेत रेझिस्टन्स घाली आणि खाचेगणिक एकेक काढून टाकी. दोन मोटारी आधी एकीमागे एक जोडलेल्या असत, नंतर समांतर. रेझिस्टन्समध्ये विजेची उष्णता होऊन वाया जाई.

आज छोट्या मोटारीसाठी हे काम ५५५ क्रमांकाची टायमर आयसी आणि एक मॉस्फेट करतात. मॉस्फेट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. निम्मा वेळ चालू ठेवला तर मोटारीला सरासरी ६ व्होल्ट मिळतात आणि मॉस्फेट फारसा तापत नाही. "मग मोटार धक्के खात चालत असेल," असे अजूनही शिकलेली माणसे म्हणतात, याचा खेद वाटतो. गुंडाळीतला प्रवाह एकदम थांबत नाही, तो वाहतच राहू पाहतो. धक्का बसेलच कसा?

नेमकी तिथेच सर्किटे जळतात. मॉस्फेट बंद झाल्यावर त्या प्रवाहाला रस्ता हवा. तो नसेल तर व्होल्टेज उसळते आणि मॉस्फेट मरतो. मोटारीला समांतर, उलटा लावलेला डायोड हा तो रस्ता. मुरूडच्या एका होडीवाल्याच्या पंख्याचा कंट्रोलर दुरुस्तीला आला होता, त्यात डायोड होता, पण ४००७ क्रमांकाचा. दुकानात तोच हाती पडतो. काहीशे हर्ट्झवर तो छान चालतो. पण मोटारीची शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून कोणी तरी वारंवारता २० किलोहर्ट्झवर नेली होती. हा डायोड सावकाश मिटतो. मॉस्फेट पुन्हा चालू होताना क्षणभर उलटाही वाहतो आणि तेवढ्या वेळात बॅटरी जवळपास शॉर्ट होते. हे सेकंदाला वीस हजार वेळा! "डायोड तो डायोड" म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचा वाद जुना आहे आणि तो सोडण्याची इच्छा नाही. तिथे झटकन मिटणारा शॉट्की डायोडच हवा, मोटारीचा पूर्ण प्रवाह पेलणारा.

त्या कंट्रोलरच्या तारांकडेही कोणी पाहिले नव्हते. एक तार होडीच्या डाव्या कडेने, दुसरी उजव्या कडेने गेलेली; मधे होकायंत्र. जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळून नेल्या की दोघींची चुंबकक्षेत्रे एकमेकांना जवळजवळ खोडतात. वर तार आणि खाली रूळ असलेल्या ट्रामला हे शक्य नव्हते. होडीत त्यासाठी दोन मीटर जादा वायर पुरली.