दाभोळचा याकूत

विजापूरचा गोल घुमट पाहून आलेली माणसं तिथल्या प्रतिध्वनीबद्दल भरभरून बोलतात. त्याचा वास्तुकार म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या मलिक याकूत दाभोळीबद्दल क्वचितच कुणी बोलतं. दाभोळी म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरच्या आपल्या दाभोळचा. आदिलशाहीचं ते भरभराटीचं बंदर होतं.

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगते, याकूत म्हणजे माणिक. याकूत, अंबर, संदल अशी नावं त्या काळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या हबशींना दिली जात. मलिक अंबर हे त्यातलं आपल्याला माहीत असलेलं नाव. याकूतही हबशी असावा, असं त्याच्या नावावरून मला वाटतं.

विजापूरच्या जामा मशिदीतली सोनेरी, रंगीत मेहराब त्याने पूर्ण केली. तिथल्या फारसी लेखात त्याचं नाव आणि हिजरी सन १०४५, म्हणजे साधारण इ.स. १६३६, कोरलेलं आहे. मशिदीचा सेवक आणि सुलतान महंमदाचा गुलाम, एवढीच त्याची ओळख तिथे दिली आहे.

याच महंमद आदिलशहाचा मकबरा म्हणजे गोल घुमट. सुलतान १६५६ साली वारला. आतून सुमारे १२४ फूट रुंदीचा हा घुमट, आणि मधे एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी त्याचा भार भिंतींवर उतरवतात. साडेतीनशेहून जास्त वर्षं तो उभा आहे.

चांदीपहून विरारकडे जाताना जिकडेतिकडे नव्या इमारती दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एक चार मजली अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. बांधून तिला पंधरा वर्षंही झाली नव्हती.

आपली कितीतरी मुलं बांधकामावर मिस्त्री, फिटर, सेंट्रिंगवाले म्हणून राबतात. तरी घरात ‘अभ्यास कर, नाहीतर गवंडी होशील’ असं सहज म्हटलं जातं. गवंडीकाम म्हणजे शिक्षा, हे मुलाच्या मनात आपणच भरवतो. मग त्याने भिंत ओळंब्यात लावावी, सिमेंट चोरू नये, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

याकूतच्या मेहराबीवरच्या ओळी आयुष्य किती थोडं आहे, हे सांगतात. पण दुनिया फानी आहे म्हणून काम कच्चं ठेवावं, असं त्याने मानलं नाही.