एकाच चुलीचे दगड

मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्याशी उभं राहिलं की ऊस मागाहून दिसतो, आधी दगड. काळ्याभोर दगडांचे पुरुषभर उंच ढीग. जमीन लागवडीखाली यावी म्हणून मजुरांनी ते हातांनी वेचलेले. १८३४ नंतर गिरमिटावर जहाजं भरभरून माणसं इथं आली, त्यांत रत्नागिरीकडचीही होती.

एक दगड उचलला. अंगभर बारीक भोकं. हा तर घरचा काळवत्री! नुसता सारखा नव्हे, नात्यातला. भूशास्त्रज्ञ म्हणतात, पृथ्वीच्या पोटात खोल एक चूल धगधगते आहे. चूल जागची फारशी हलत नाही, वरचा तवा सरकतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिच्यावर आपली भूमी होती. लाव्हाचे थरावर थर साचले, सह्याद्रीचे कडे त्यांतलेच. तवा उत्तरेकडे सरकत गेला, मागे मालदीव, चागोस अशी माळ उठली. मॉरिशस अगदी अलीकडचं, ८०-९० लाख वर्षांचं. आता ती चूल शेजारच्या रेयुनियनखाली आहे.

म्हणजे मॉरिशस हे सह्याद्रीचं धाकटं भावंड. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचं, कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. पण ऐट काय! पीटर बोथ डोंगराच्या माथ्यावर तर भलाथोरला धोंडा, उतरंडीवर शेवटचं मडकं ठेवावं तसा. पावसाची तऱ्हा मात्र कोकणाच्या उलट. वारा आग्नेयेकडून येतो, मधल्या पठारावर रिता होतो आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. पठारावरच्या क्युरपिपला मिटलेली छत्री वाळायच्या आत समुद्रकाठी ऊन भेटतं.

किनाऱ्याभोवती प्रवाळांचं कुंपण आहे, त्यामुळे आतलं पाणी तळ्यासारखं निवांत. मला ते जरा मिळमिळीतच वाटलं. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी कुंपण तुटतं, लाटा थेट काळ्या कड्यावर फुटतात, तेव्हा कुठे समुद्र ओळखीचा वाटला.

रान मात्र गेलं. १५९८ मध्ये डच उतरले, पुढे आबनूस तुटला, शंभर वर्षांच्या आत डोडो संपला, आणि उरलंसुरलं उसानं खाल्लं. मूळचं चांगलं जंगल आज शंभरात दोन हिस्सेही नाही. व्हाकोआ गावाच्या नावात तेवढं एक झाड राहिलंय. केवड्याच्या गोतातलं.

हे दगड वेचणाऱ्या त्या कोकण्याला ओळख पटली असेल का? नसावी. पाठ मोडत असताना दगडाचं कूळ कोण विचारतो! मी माझा दगड ढिगावर ठेवायला गेलो, तो घरंगळून पुन्हा उसात गेला.