सुरूच्या सावलीत काय उगवते?

चेन्नई म्हटले की मरीनाचा किनारा, कपालीश्वराचे देऊळ आणि वाफाळती फिल्टर कॉफी आठवते. शहर मागे टाकून ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमकडे निघाले, की अधूनमधून उंच, सळसळणारी झाडे दिसू लागतात. उत्तरेकडचे पर्यटक त्यांना पाइन समजतात. अलिबाग, काशीदला जाऊन आलेला मराठी माणूस मात्र लगेच ओळखतो, हा तर आपला सुरू! तामिळमध्ये त्याला ‘चवुक्कु’ म्हणतात.

सुरूची सुईसारखी दिसणारी पाने खरे तर बारीक हिरव्या डहाळ्या असतात. खरी पाने म्हणजे त्यांच्या पेरांवरचे इवलेसे खवले. या डहाळ्या गळून खाली जाड गादी तयार होते. ती लवकर कुजत नाही, त्यामुळे वरून पडलेले बी मातीपर्यंत पोहोचत नाही. त्यात दाट सावली आणि कोरडी वाळू. म्हणूनच पाइनप्रमाणे सुरूखालीही जमीन बोडकी दिसते.

पण इथल्या शेतकऱ्याने यातूनही वाट काढली आहे. रोपे लहान असतात, तेव्हा ओळींमधल्या जागेत भरपूर ऊन असते. पहिल्या वर्षी तिथे भुईमूग किंवा कलिंगड घेतात. पुढे झाडे एकमेकांना भिडली, की आंतरपीक थांबते. मग खाली पडलेला पाला चुलीसाठी गोळा होतो, तर सरळसोट खोडे बांधकामाच्या परातीला आणि मांडवाला जातात.

समुद्राच्या अगदी कडेला गोष्ट वेगळी आहे. तिथली वाळू मुळात मर्यादवेल आणि काटेरी गवत धरून ठेवते. या गवताला तामिळ लोक गमतीने ‘रावणन मीसै’, म्हणजे रावणाची मिशी म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर लाटा अडवण्यासाठी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर सुरूची मोठी लागवड झाली. काही ठिकाणी ती भरतीच्या रेषेजवळ आली, तेव्हा कासवप्रेमींनी हरकत घेतली. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांना अंडी घालायला मोकळी वाळू लागते. मुळांच्या जाळ्यात खड्डा कसा खणणार? सुरू हवा, पण थोडा मागे. पुढची वाळू वेलींना आणि कासवांना सोडलेली बरी.

जानेवारी ते मार्च या काळात चेन्नईला गेलात, तर रात्री नीलांकरै ते बेझंट नगर किनाऱ्यावर चालणारे विद्यार्थी स्वयंसेवक दिसतील. १९८८ पासून ते कासवांची घरटी शोधून अंडी सुरक्षित जागी हलवतात. त्यांच्यासोबत जायचे असल्यास आधी चौकशी करा आणि किनाऱ्यावर टॉर्च लावू नका.

तुमच्याही अंगणात सुरू असेल, तर त्याची मुळे खणू नका. बुंध्याशी कोरफडीच्या कुंड्या ठेवा आणि सदाफुली कडेच्या उन्हात लावा.