एकदाच दाबलेले बटन

माणसाचे कान पन्नाशीनंतर कमी ऐकू लागतात, असे म्हणतात. मुख्याध्यापकाचे कान त्याच्या कितीतरी आधीपासून कमी ऐकत असावेत. निदान माझे तरी. हे मला कळले ते एका बटनामुळे.

त्याचे असे झाले. 2022 च्या मे महिन्यात शाळा सुरू झाली, तेव्हा संगणकाच्या खोलीतल्या एका जुन्या यंत्राचे चालू करायचे बटन आत गेले ते वर येईना. यंत्र धडधाकट, फक्त बटन मोडलेले. एवढ्यासाठी नवे कॅबिनेट कशाला, म्हणून मी खडेबाजारात गेलो आणि एका दुकानातून धातूचे, भोवती प्रकाशाचे कडे असलेले सोळा मिलिमीटरचे बटन घेऊन आलो. ग्रिलवाल्याकडून कॅबिनेटच्या पत्र्याला भोक पाडून घेतले. भाषेचा एम. ए. झालेला माणूस हातात सोल्डरिंगची इस्त्री धरून बसलेला पाहून आमच्या शिपाईमामांनी दोनदा दारातून डोकावून पाहिले.

त्या बटनाला मागे पाच पाय. दोन दिव्याचे, तीन बटनाचे. या तिनांपैकी एक सामाईक; दाबल्यावर उरलेल्या दोघांतला एक त्याला जोडला जातो आणि दुसरा तुटतो. दाबल्यावर जोडणारी जोडी मी मदरबोर्डच्या ‘पॉवर स्विच’ लिहिलेल्या दोन पिनांना जोडली, आणि दिव्याचे पाय शेजारच्या दिव्याच्या पिनांना. बटन दाबले. पंखा फिरला. आनंदाच्या भरात, खटका कसा वाजतो ते पाहावे म्हणून, मी लगेच पुन्हा एकदा दाबले. यंत्र चालूच राहिले. दिवा मात्र लागला नाही. तो उद्या पाहू म्हणून संगणक पडद्यावरूनच रीतसर बंद केला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी नववीचा तास. एका मुलाने बटन दाबले, यंत्र सुरू झाले आणि लगेच मान टाकली. मी दारातच होतो. “काय केलंस?” मुलगा घाबरला. घरी कानडी, शाळेत मराठी. घाबरला की त्याची मराठी आधी पळून जाते. “एकदाच दाबलं, सर,” तो म्हणाला आणि मग खाली बघत पुटपुटला, “ओंद सल.” मला कानडी समजत नाही असे नाही. जन्म इथलाच, निम्मा बाजारहाट कानडीतच होतो. पण त्या क्षणी मला ते उलट उत्तर वाटले. मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले.

संध्याकाळी एकटाच बसून मी बटन दाबले. या वेळी एकदाच. पंखा फिरला, आणि मनात चार मोजून होताहेत तोच सारे थंड. पुन्हा तेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मुलगा तेच सांगत होता. एकदा दाबले की बंद पडते, दोनदा दाबले की चालते!

पूर्वीच्या संगणकांत समोरचे बटन म्हणजे खरेच विजेचा खटका असे. भिंतीतली वीज जाड वायरीतून त्याच्यापर्यंत येई आणि तो दाबलेलाच राही. 1995 मध्ये एटीएक्स नावाची रचना आली आणि बटनाचे काम बदलले. भिंतीवरचे बटन चालू असेपर्यंत पाच व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्ड जागता ठेवते. समोरचे बटन त्याला फक्त ‘ऊठ’ एवढे सांगते, आणि तो हिरवी वायर शून्यावर ओढून पॉवर सप्लायला उठवतो. हे सांगणे क्षणभराचे हवे. बटन चार सेकंद दाबून धरले तर यंत्र अडकले आहे असे समजून मदरबोर्ड सगळे बंद करतो. माझे बटन दाबलेल्या जागी अडकून राहणारे होते. दुसऱ्यांदा दाबले तरच ते सुटत होते.

दुकानदाराने दोन बटने शेजारी ठेवली. बाहेरून जुळी भावंडे. “इदु बेरे, सर,” म्हणत त्याने एक दाबून दाखवले; बोट उचलताच ते वर आले. दिव्याचे कोडेही त्यानेच सोडवले. दिवा बारा व्होल्टचा, आणि मदरबोर्डच्या त्या पिना छोट्या साध्या दिव्यापुरत्या. भिंतीतला प्लग काढून मी डिस्कच्या चार वायरींच्या जोडातली पिवळी दिव्याच्या अधिक पायाला आणि काळी उणे पायाला जोडली. बटनाच्या दोन वायरी उलटसुलट चालतात, दिव्याच्या चालत नाहीत. शिवाय ते बारा व्होल्ट बटनाच्या पायांना चुकूनही लागू नयेत, म्हणून प्रत्येक पायावर रबरी नळी चढवली.

हे सारे सोपे होते. अवघड काम दुसऱ्या दिवशीचे. नववीच्या वर्गात मी त्या मुलाला पुढे बोलावले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “परवा तू खरं सांगत होतास. मी ऐकलं नाही. माझं चुकलं.” वर्ग एकदम गप्प झाला. एवढी शांतता मी पट्टी आपटूनही कधी मिळवली नव्हती. मुलाला काय करावे कळेना. मी म्हटले, “दाब आता. ओंद सल.”

त्याने एकदाच दाबले. पंखा फिरला, बटनाभोवतीचे कडे उजळले. मी मनात चार मोजले, मग दहापर्यंत मोजले. दिवा तसाच होता. मुलाने वर पाहिले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला.

हल्ली कोणी मूल चुकले की मी आधी विचारतो, नेमके काय झाले? आणि उत्तर कोणत्याही भाषेत आले तरी मनात चार मोजून मगच बोलतो.