बोजा कोणत्या हिश्श्यावर

नवी फाइल आत घेतली आणि डावीकडच्या ट्रीमध्ये प्रश्नचिन्हं उगवली. मोजली. ५३ पैकी ४१. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, हिंजवडीतून आमची बस पावणेसातला सुटते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ग्राहकाबरोबर मीटिंग. बॅग पुन्हा खुर्चीखाली सरकवली आणि घरी कळवलं, आमटी गरम करून घ्या.

भाग तसा साधा. तेलाच्या दाबाखाली राहणाऱ्या हाउसिंगचं ॲल्युमिनियमचं गोल झाकण. आतली सपाट बाजू १२० मिलिमीटर व्यासाची, तिच्यावर ५ बार दाब, कडेने १२ एम८ बोल्ट. फ्लँजजवळच्या कोपऱ्यात ताण १८६ मेगापास्कल येत होता, आणि तो १५० च्या आत हवा होता. म्हणून डिझाइनच्या मुलाने बाहेरच्या अंगाला चार रिब दिल्या आणि नवी स्टेप फाइल पाठवली. सोबत एका ओळीची मेल: ‘मॅडम, मायनर चेंज आहे.’ पंधरा वर्षांत मेजर चेंज असं लिहिलेली मेल मला एकदाही आलेली नाही.

भागांवरचा ताण संगणकावर काढायच्या आमच्या धंद्यात अशा प्रश्नचिन्हांना ‘रेफरन्स उडाले’ म्हणतात. दाब, बोल्टचा ओढा, दोन भाग कुठे टेकतात, कुठे जखडलेत, यातली प्रत्येक गोष्ट मॉडेलच्या एखाद्या फेसला किंवा कडेला बांधलेली असते. आपण माउसने फेस दाखवतो, सॉफ्टवेअर त्याची ओळख म्हणून एक नंबर टिपून ठेवतं. आपली समजूत अशी की ‘झाकणाची आतली गोल बाजू’ त्याला कळली. त्याला कळलेला असतो तेवढा नंबर. मॉडेल बदललं की नंबर बदलतात, आणि बांधलेली गोष्ट दोर तुटल्यासारखी लोंबकळत राहते.

चहा येईपर्यंत जुनी आणि नवी स्टेप फाइल शेजारीशेजारी नोटपॅडमध्ये उघडली. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. १९९४ साली आलेलं आयएसओ १०३०३ हे मानक, या सॉफ्टवेअरमधून त्या सॉफ्टवेअरमध्ये भूमिती नेता यावी म्हणून केलेलं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला क्रमांक, मग त्या ओळीत काय आहे ते. फेसच्या ओळीत नाव लिहायला जागा ठेवलेली असते. आमच्या फाइलमध्ये त्या जागी नुसती रिकामी अवतरणचिन्हं. क्रमांक तर फाइल लिहून काढताना ज्या ओघात ओळ आली त्या ओघाचा. पुन्हा फाइल काढली, पुन्हा नवे क्रमांक. जुन्यातला अमुक फेस म्हणजे नव्यातला कोणता, याची नोंद कुठेच नाही.

तेव्हा काकांची आठवण झाली. आजोबांच्या गटाची वाटणी झाली आणि एका गटाचे दोन पोटहिस्से पडले, एक काकांचा, एक बाबांचा. आजोबांनी घेतलेलं सोसायटीचं कर्ज सातबाऱ्यावर ‘इतर अधिकारा’त होतं. वाटणीनंतर उतारे काढले, तर सगळा बोजा काकांच्या हिश्श्यावर आणि बाबांचा उतारा कोरा. काका तलाठ्याकडे सहा खेपा घालून आले. पण निदान खेपा घालायला जागा तरी होती. फेरफाराची वही असते, कोणत्या गटातून कोणता हिस्सा निघाला हे तिच्यात लिहिलेलं असतं. स्टेप फाइलला फेरफार नाही.

हे दुखणं आमच्या ऑफिसपुरतं नाही. १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर बाजारात आलं, मापं बदलली की मॉडेल आपोआप नव्याने घडतं ही सोय रुळली, आणि नव्याने घडलेल्या मॉडेलमध्ये जुना फेस ओळखायचा कसा हा प्रश्नही तिच्याबरोबरच आला. टोपोलॉजिकल नेमिंग असं त्याला भारदस्त नाव आहे. फुकट मिळणारं फ्रीकॅड वर्षानुवर्षं याच कारणाने शिव्या खात होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली तेव्हा या दुखण्यावरचा उतारा ही तिच्यातली मोठी बातमी होती. तोही सगळी भूमिती त्याच प्रोग्रॅममध्ये घडत असेल तर. बाहेरून स्टेप आली की तिथेही पूर्वेतिहास कोरा.

४१ प्रश्नचिन्हांपैकी ३६ बोल्टांची होती. प्रत्येक बोल्टला तीन गोष्टी: ओढा, डोक्याखालचा कॉन्टॅक्ट, आट्यांचा कॉन्टॅक्ट. हे एकेक करून क्लिक करत बसणं म्हणजे तांदूळ निवडणं, आणि सातव्या-आठव्या बोल्टला हमखास शेजारचं भोक निवडलं जातं. त्यापेक्षा नियमाने निवडावं. झाकणाची सगळी भोकं ९ मिलिमीटरची, म्हणजे त्रिज्या ४.५ चे गोलाकार फेस. ते सगळे उचल. त्यातले अक्ष झेड दिशेला असलेले ठेव. मग मध्यबिंदूच्या कोनावरून त्यांना १ ते १२ क्रम दे. मोजले, १२ भरले. असा नियम नंबरावर जगत नाही, आकारावर जगतो. उद्या नवी फाइल आली तरी तो आपले बारा फेस हुडकून काढतो. हे आधीच का केलं नव्हतं? पहिल्या आवृत्तीच्या वेळी घाई होती, दुसरं काय. उरलेली पाच हाताने लावली. साडेनऊला ट्री स्वच्छ झाला. रन टाकला आणि कॅब बोलावली.

सकाळी आठला निकाल बघितला. कोपऱ्यातला ताण १३९. दीडशेच्या आत! डिझाइनच्या मुलाला स्क्रीनशॉट पाठवला तर त्याने लगेच अंगठा दाखवला, त्यामागे दोन फटाके.

माझे पहिले साहेब रंगीत चित्र बघण्याआधी बेरीज विचारायचे. बोलायचे रागीट, पण ती सवय त्यांनी लावली ती लागलीच. १२० व्यास म्हणजे ११,३१० चौरस मिलिमीटर, त्यावर ०.५ मेगापास्कल, म्हणजे झाकण ५,६५५ न्यूटनने बाहेर ढकललं जाणार. जखडलेल्या बाजूला तेवढीच रिॲक्शन यायला हवी. कॉलम उघडला. ५,०२७.

६२८ न्यूटन गेले कुठे?

बोल्ट तपासले, कॉन्टॅक्ट तपासले. रात्री हात लावलेल्या ४१ ही गोष्टी पुन्हा पाहिल्या, सगळ्या जागच्या जागी. मग दाबावर क्लिक केलं. दाबावर प्रश्नचिन्ह नव्हतंच. न उडालेल्या बारांपैकी तो एक, म्हणून रात्री मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. झाकणाची आतली बाजू लाल झाली, आणि बरोब्बर मध्यभागी करडी टिकली तशीच राहिली. व्यास मोजला, ४०.

डिझाइनच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “हो मॅडम, तिथे पुढे सेन्सर बसणार आहे. तेवढंच मशिनिंग करायचं म्हणून फेसवर वर्तुळ मारून ठेवलंय. भूमितीत काहीच बदल नाही.” त्याचं खरंच होतं. पृष्ठभाग तोच, उंची तीच, फक्त एका गटाचे दोन पोटहिस्से झाले होते. नंबर जुळला नाही तेव्हा सॉफ्टवेअरने जागा आणि क्षेत्रफळ पाहून अंदाज बांधला, मोठा हिस्सा पकडला, आणि सगळं ठीक आहे असं दाखवलं.

चटका लागला तो पुढच्या आकड्याने. जोर कमी पडला होता ११ टक्के. टिकली निवडीत घेऊन रन पुन्हा टाकला, बेरीज ५,६५५ आली, आणि कोपऱ्यातला ताण १७५. म्हणजे ११ टक्के जोर हरवल्याने ताण वीस टक्के कमी दिसत होता. कारण झाकण कडेला धरलेलं आहे. मध्यावरचा जोर कडेपासून सर्वांत लांब, तोच त्याला जास्त वाकवतो. हरवायचाच होता तर कडेचा तुकडा हरवता, ताणात फारसा फरकही पडला नसता. रिबांची खरी कमाई जेमतेम ११ मेगापास्कल.

त्याला फोनवर सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मॅडम, ते वर्तुळ काढून टाकू का?”

“वर्तुळ राहू दे. रिब बघ.”

अकराच्या मीटिंगमध्ये १७५ दाखवले. ग्राहकाकडच्या बाईंनी, झाकणाची जाडी वाढवली तर वजन किती वाढेल, एवढंच विचारलं. रात्रीच्या उठाठेवीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी नवी आवृत्ती आली, झाकण २ मिलिमीटर जाड केलेली. मेलमध्ये तीच ओळ. आत घेतली, ट्री उघडला. बोल्टांचे नियम टिकले होते. या वेळी प्रश्नचिन्हं फक्त चार. ती तशीच ठेवली, कॅल्क्युलेटर घेतला आणि उरलेल्या ४९ पासून सुरुवात केली.