पडला तो कोणाचा माणूस?

पावसाळा तोंडावर आला की शहरात फांद्या छाटण्याची कामे निघतात. झाड नगरपालिकेचे, ठेका ठेकेदाराचा आणि शिडीवर चढणारा पोरगा आपल्या वस्तीतला. पडला की मात्र तो कोणाचाच नसतो.

आम्ही वस्त्यांमध्ये कामगारांसोबत काम करतो. गेल्या वर्षी असाच एक तरुण शिडीवरून पडला. ठेकेदाराच्या माणसाने दवाखान्यात सांगितले, 'घरी पडला.' केसपेपरवर तेच लिहिले गेले. पुढची सगळी लढाई आम्हाला त्या दोन शब्दांशी करावी लागली. तो आज काठी टेकत चालतो आणि त्याची आई दोन घरची धुणीभांडी जास्त करते.

लोक म्हणतात, निष्काळजीपणा. आम्ही विचारतो, कोणाचा? यांत्रिक करवतीचे टोक लाकडाला लागले की ती उसळून अंगावर येते. साध्या शिडीवर उभे राहून ती चालवायची नसते. ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारेजवळ न्यायची नसते. गवत कापायच्या यंत्रातून उडालेला खडा डोळा फोडू शकतो. हे शिकवायचे कोणी? चष्मा, हेल्मेट, पट्टा द्यायचा कोणी? रोजंदारीवरच्या पोराने की काम करवून घेणाऱ्याने?

1920 साली 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. शंभर वर्षांनी आपल्या पोरांच्या वाट्याला शिडी आली ती ही. खालून धरायलाही कोणी नसलेली. धोक्याचे काम कोणी करायचे हे जातीने आधीच ठरवून ठेवले होते. ठेकेदारीने फक्त त्या कामाची जबाबदारी पुसून टाकली.

पण कायद्याने ती पुसलेली नाही. आपले नेहमीचे काम ठेकेदाराकडून करवून घेणारा मुख्य मालकही भरपाई देणे लागतो, हे तत्त्व 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 पासून चालत आले आहे. म्हणूनच 'घरी पडला' लिहून घेण्याची एवढी घाई असते.

तरुण मित्रांनो, अपघात कळला की आधी दवाखाना गाठा. केसपेपरवर 'कामावर असताना पडला' असे लिहून घ्या. जागेचे फोटो काढा, सोबत्यांची नावे आणि हजेरीची नोंद मिळवा. जयंतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा करणाऱ्या मंडळाला, वस्तीतले कोण कोणत्या ठेकेदाराकडे जाते याची एक वही ठेवणे जड नाही.

जय भीम!