नव्या लॅपटॉपमधली अनोळखी मंडळी

सासरी नवी आलेली सून पहिले आठ-पंधरा दिवस काय करते? फारसं न बोलता माणसं ओळखून घेते. ह्या आत्याबाई, ह्या चुलतसासूबाई. कोपऱ्यातल्या खोलीतले म्हातारबाबा नात्यातले नव्हेत, पण त्यांच्यावाचून घरात पान हलत नाही. आणि झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेला तो तरुण कुणाचाच कुणी नाही, जेवणाच्या वेळेला मात्र बरोबर हजर! मैत्रिणींनो, नव्या लॅपटॉपची ओळख करून घेताना मला हेच शहाणपण कामी आलं.

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते, संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. त्या पैशांतून थोडे थोडे बाजूला टाकून गेल्या दिवाळीत लॅपटॉप घेतला. प्रश्नपत्रिका, मुलांचे गुण, बँकेचे व्यवहार, सगळं त्यावरच करायचं होतं. सुरू करून पाहिला, तर आत आधीच ही गर्दी! मी स्वतः एकही प्रोग्रॅम घातला नव्हता, तरी यादीत पन्नासाच्या वर नावं. चौथ्या दिवशी एक लाल चौकट दिसू लागली : तुमचं संरक्षण संपत आलं आहे, त्वरित पैसे भरा.

घरात लगेच दोन पक्ष पडले. हे म्हणाले, "अगं, कंपनीनंच दिलंय ना, मग असेल कामाचं. पैसे भरून टाक आणि बाकी कशाला हात लावू नकोस, बिघडेल." पुतण्या म्हणाला, "काकू, दहा मिनिटं द्या, सगळं उडवून टाकतो." मला दोन्ही पटेना. पैसे माझ्या कष्टाचे. उद्या ह्याच यंत्रात घरचा हिशेब आणि बँकेचा पासवर्ड जाणार. आत कोण राहतंय हे ठाऊक नसताना तो टाकायचा कसा? वाणसामानाची जुनी वही काढली आणि बसले.

विंडोज ११ मध्ये ही यादी सहज सापडते. स्टार्ट, मग सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. नावासोबत ते कुणी बनवलं, कधी बसवलं, किती जागा घेतं, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. मी वहीत चार रकाने आखले : नाव, कुणाचं, काम काय, ठेवायचं की काढायचं. रात्री स्वयंपाकघर आवरलं की आठ-दहा नावं घ्यायची. आठवड्यात वही पुरी झाली.

पुतण्यानं सगळ्यात आधी 'रियलटेक' ह्या नावावर बोट ठेवलं होतं. ते निघालं आवाजाचं! काढलं असतं, तर कदाचित लॅपटॉप मुका झाला असता. इंटेलच्या नावाची मंडळी पडद्याची आणि वायफायची. 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल' हे लांबलचक नाव तर तीन-चारदा होतं. वाटावं, चुकून पुन्हा पुन्हा बसलंय. पण त्या निरनिराळ्या वर्षांच्या आवृत्त्या असतात आणि दुसरे प्रोग्रॅम त्यांच्या आधारावर चालतात. 'वेबव्ह्यू २ रनटाइम' त्यातलंच. हेच ते कोपऱ्यातले म्हातारबाबा. नाव कळत नाही म्हणून त्यांना घराबाहेर काढायचं नाही.

उरले फुकटे. दोन-तीन खेळ, खरेदीच्या दुकानांची चिन्हं, आणि ती लाल चौकट दाखवणारा व्हायरसरक्षक, थोड्या दिवसांच्या फुकट वापरापुरता घातलेला. हे लोक आत येतात कसे? प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी बरेचदा लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे मोजतात. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा स्वतःचा राखणदार असतोच, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरा रक्षक आला की तो बाजूला होतो, दुसरा गेला की पुन्हा कामाला लागतो. मी तो व्हायरसरक्षक काढला, लॅपटॉप बंद करून परत सुरू केला आणि विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडर जागा आहे ना, हे डोळ्यांनी पाहिलं. चौकट गेली, पैसे वाचले. कुणाला विकतचा रक्षक हवा असेल तर जरूर घ्यावा, पण घाबरून नव्हे.

फुकट्यांचा त्रास जागेपुरताच असतो असंही नाही. २०१४ च्या अखेरीस विकलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा प्रोग्रॅम आधीच घातलेला होता. वरवर काम जाहिराती दाखवण्याचं. पण त्यासाठी तो बँकेच्या पानांसारख्या कुलूपबंद पानांच्याही मध्ये शिरे, आणि त्यानं ठेवलेल्या खोट्या ओळखपत्रामुळे चोरांनाही वाट मोकळी होई. २०१५ च्या फेब्रुवारीत ह्याचा बोभाटा झाला. नुसता प्रोग्रॅम काढून भागत नव्हतं, ते ओळखपत्रही वेगळं काढावं लागे. शेवटी कंपनीनं ते काढण्याचं साधन दिलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तिला ह्या प्रकरणी तडजोड करावी लागली. तेव्हा "कंपनीनंच दिलंय" हे उत्तर पुरेसं नाही.

आता थोड्या सूचना. नावाचा अर्थ शोधायचा तर आधी बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर पाहा. 'हा व्हायरस आहे, आमचा सफाईचा प्रोग्रॅम घ्या' असं सांगणाऱ्या पानांच्या नादी लागू नका. एखाद्याचा निर्णय होत नसेल तर तो काढू नका, आधी नुसता झोपवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या स्टार्टअप अ‍ॅप्समध्ये तो बंद करून ठेवा, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणार नाही. आठ-दहा दिवस काही अडलं नाही, तर मग काढायचा विचार करा. अडलं, तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. एका दिवशी एकच काढा आणि वहीत तारीख घाला. काही बिनसलं तर कशामुळे, हे लगेच कळतं.

गॅसचा रेग्युलेटर, फ्यूज, पाण्याचा पंप, प्रत्येक वेळी आपल्याला "हात लावू नकोस" हेच ऐकवलं गेलं, आणि अडल्यावर दुरुस्ती आपणच शिकलो. हेही तसंच आहे. आता लॅपटॉप अडला की हे म्हणतात, "तुझी वही बघ बरं." तुमच्या घरी नवा संगणक येणार असेल, तर बँकेचा पासवर्ड टाकण्याआधीच ही यादी करा. चार संध्याकाळी जातील, पण पुढे कुठलीही लाल चौकट तुम्हाला घाबरवू शकणार नाही.